माझा उजवा खांदा आणि विमानवाल्यांची जाकिटं

मी जन्मात विमानात बसलो नाही. पण साठ सालाच्या अलीकडे-पलीकडे आपल्या आभाळात जे वैमानिक हिंडत होते, त्यातल्या पुष्कळांच्या अंगावर माझी छाती, माझी पाठ आणि माझे खांदे होते. थाप वाटेल. थापा मी आयुष्यात भरपूर मारल्या आहेत, त्यातल्या एकीचा निकाल पुढं लागणारच आहे. पण ही थाप नव्हे.

दौंडला स्टेशनच्या मागच्या अंगाला, रेल्वेच्या चाळी संपतात तिथं, एक पत्र्याची शेड होती. तिथं वैमानिकांची चामड्याची जाकिटं शिवत. शेडच्या मालकांना सगळे खलिफा म्हणत. ते त्यांचं नाव नव्हे. शिवणातल्या उस्तादाला आमच्याकडे खलिफाच म्हणायचे. त्यांचे वडील शिरूरला रिसाल्याच्या घोड्यांची खोगिरं शिवायचे. रिसाला गेला, घोडे गेले, खोगिरांना कुणी विचारीना. तेवढ्यात महायुद्ध आलं. वरती गारठ्यात उडणाऱ्यांना कातड्याची जाकिटं हवी झाली. बापाच्या हाताखाली खोगीर शिवलेल्या पोराला जाकीट काय अवघड? पुण्याच्या एका ठेकेदारामार्फत काम आलं आणि शेड मशिनांनी भरून गेली. हे सगळं ऐकीव. मी गेलो तेव्हा सहा मशिनं उरली होती, आणि त्यावर बसणारी सहा माणसं.

मी शिरूरचा. माझा चुलता कातड्याची दलाली करी, त्याच्याबरोबर हिंडून मला कातड्याची पारख आली. डोळे मिटून बोट फिरवलं तरी मेंढी कोणती, बकरी कोणती, कुठं गोचीड चावली होती, ते मी सांगायचो. एवढी एकच विद्या मला खरी आली. खलिफांनी मला शिरूरहून कातडी आणायला ठेवलं. आठवड्याला एक गठ्ठा. तो खांद्यावर टाकायचा, मोटारीच्या टपावर चढवायचा, दौंडला उतरवायचा, पुन्हा खांद्यावर टाकून शेडपर्यंत न्यायचा. कायम उजव्याच खांद्यावर, कारण डाव्या हातात विडी.

पहिल्याच दिवशी गठ्ठा टाकून मी घाम पुसत होतो, तेवढ्यात खलिफांनी माझ्या छातीला टेप गुंडाळली.

"अडतीस! बरोब्बर अडतीस! ऊठ, त्या खोक्यावर बस. हात फुडं कर. काहीतरी धरल्यावानी."

"काय धरू?"

"मला काय ठावं? इमानात जे धरत्यात ते धर."

जाकीट उभ्या माणसाचं नसतं, बसलेल्याचं असतं, हे त्यांनी स्वतःच्या डोक्यानं ताडलं होतं. उभ्या माणसाच्या मापानं बेतलं तर बसल्यावर कोपर ओढतं आणि पाठ उघडी पडते. म्हणून ते माणसाला बसवून, हात पुढं करायला लावून, अंगावर कागद लावून खाका काढायचे. अडतीस छातीचा तो खाका मुख्य. बाकीची मापं त्यावरूनच लहान-मोठी करायची. दुसरी गोष्ट, दरवर्षी नवीन कामाच्या आधी खाका नव्यानं काढायचा. त्यांच्या उस्तादाची शिस्त होती ती. कागद हवेनं आकसतो, फुगतो, त्यावर विश्वास ठेवायचा नाही, माणसावर ठेवायचा.

तो माणूस मी. शेडमध्ये मला 'अंग' म्हणत. "अंग आलं का?" "अंगाला चहा द्या." मला काय चढला होता तो ताठा! दौंडच्या हॉटेलात मी सांगायचो की सरकारनं माझी छाती पसंत केली आहे.

आता कबुलीजबाब. पहिल्या वर्षी माझी छाती खरीच अडतीस होती. पण खलिफांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या भाभींच्या, हातचा दालचा-भात मी दुपारी शेडमध्येच खात असे. तिसऱ्या वर्षी टेप छातीला लागली तेव्हा मला कळलं की हे काही अडतीस उरलेलं नाही. पद जाणार! मी श्वास आत ओढला, पोट पाठीला लावलं. "अडतीस," खलिफा खूश होऊन म्हणाले आणि कागद आणायला वळले. मी श्वास सोडला. मग कागद लागला तो सोडलेल्या श्वासावर. पुढं दरवर्षी असंच. टेपेच्या वेळी श्वास आत, कागदाच्या वेळी बाहेर. जाकिटावर आकडा अडतीसचा आणि आत जागा माझ्या पोटाची. आणि शिवून झालेलं पहिलं जाकीट घालून बघायचं कुणी? मीच! ते मला न बसून सांगेल कुणाला? खलिफा लांबून बघायचे, चुटकी वाजवून म्हणायचे, "कातडीवर कातडी बसली."

मधूनमधून ठेकेदाराकडून तक्रारीचं पत्र यायचं. जाकीट उजवीकडं पडतं म्हणे. खलिफा ते कपाटावर टाकायचे. "नीट घडी घालायची अक्कल न्हाई त्यास्नी. न्हाईतर इमानच एका बाजूला वाकत असंल."

हळूहळू कामच कमी झालं. नायलॉनची जाकिटं आली होती. हलकी, धुता येणारी, भिजली तरी वाळणारी. पहिल्यांदा नमुना आला तेव्हा खलिफांनी तो बोटांत धरला आणि भाभींना म्हणाले, "ही तर छत्री हाय." पण त्या छत्रीनं दोन वर्षांत आमचं काम निम्म्यावर आणलं, मग त्याचंही निम्मं. मशिनवरचे लोक दुपारनंतर बाहेर बाकावर बसून राहायला लागले.

अशात एके दिवशी पत्र आलं. सरकारी तपासनीस स्वतः दौंडला येणार, बरोबर एक वैमानिक आणणार. आमचं एक नवं अडतीसचं जाकीट वैमानिकाला घालून बघणार. पसंत पडलं तर आणखी वर्षभराचं काम, नाहीतर कातडी जाकिटांचा ठेका आमच्यापुरता संपला.

खलिफांनी मशिनं थांबवायला लावली.

"ऐका रे. मला आता धा वर्षं नकोत. नायलॉन जिंकणार, मला दिसतंय. पन मला एक साल पायजे. तुमच्या सहा जणांच्या हाताला कातड्याशिवाय दुसरं कायबी येत न्हाई. एका सालात मी तुम्हास्नी दुसरं शिवायला शिकवतो. आज शेड मोडली तर तुम्ही हमाल व्हाल. म्हनून हे एक जाकीट पास झालं पायजे. समजलं?"

सगळं समजलं. आणि वैमानिक येणार! इतकी वर्षं आम्ही त्यांची जाकिटं शिवत होतो, पण शेडमधल्या एकानंही जिवंत वैमानिक पाहिलेला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे दुसरा विषय नाही. केवढा असेल, मिशी असेल का, चालत येईल की वरून उतरेल. भाभींनी शेडपुढचं अंगण दोनदा सारवलं.

शुक्रवारी दुपारच्या गाडीनं ते येणार होते. बुधवारी जाकीट तयार झालं. काय झालं होतं! गडद तपकिरी, कॉलरला मेंढीची लोकर, छातीवर चेन. मी घातलं, खलिफांनी बघितलं, खुंटीवर टांगलं. गुरुवारी सकाळी मला शिरूरला जायचं होतं, अस्तराचं कापड उरलं नव्हतं म्हणून. आणि मी काय केलं? कुणाला न विचारता ते जाकीट पिशवीत घातलं आणि पहिल्या मोटारीनं शिरूरला गेलो.

का? मिरवायला. दुसरं काय कारण असणार माझ्याजवळ! ऐन चैत्रात, उन्हाचा चटका बसत असताना, मी शिरूरच्या बाजारपेठेतून लोकरीची कॉलर लावून चाललो होतो. ओळखीच्या माणसानं विचारलं, "अंगात ताप हाय का?" मी म्हणालो, "वर गारठा फार असतो हो. सवय ठेवावी लागते."

असा घाम गाळत मी आमच्या नेहमीच्या न्हाव्याच्या दुकानात शिरलो. तिथं माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान, दाढी करून उठत होते. सडपातळ, ताठ माणूस. "बघू घालून," म्हणाले. मी मोठ्या ऐटीत काढून दिलं. दाजींनी घातलं, चेन लावली आणि आरशासमोर उभे राहिले.

मी आरशात बघितलं. डावा खांदा ठीक. उजवा खांदा ओल्या धोतरासारखा खाली लोंबत होता. पुढं पोटापाशी एवढी पोकळी, की कोंबडी बसावी.

"दाजी, नीट उभे राहा की," मी म्हणालो.

"मी नीटच उभा हाय. तुझं जाकीटच कललंय."

न्हावी वस्तरा पुसत हसला. "जाकिटाला काय बोल लावता? ह्यांचा उजवा खांदा दोन बोटं खाली हाय. किती वर्षं मी मान तिरकी धरून ह्यांची हजामत करतोय. तुम्हास्नी म्हाईत न्हाई व्हय?"

मला माहीत नव्हतं! आठ वर्षं गठ्ठा वाहून माझा खांदा उतरला होता, आणि शेडमध्ये आरसाच नव्हता. कपाटावरची ती सगळी पत्रं एकदम माझ्या डोळ्यांपुढं आली. विमानं सरळ उडत होती. वाकडा मी होतो.

परतीच्या मोटारीत मी जाकीट पिशवीत तळाला दडवलं. एक मन म्हणत होतं गप्प बस, वैमानिकाचाही उजवा खांदा कदाचित उतरलेला असेल. सहा माणसं बाकावर बसलेली डोळ्यांपुढं येत होती. शेवटी दौंड आलं. मी शेडमध्ये गेलो आणि अस्तराचं कापड आणि जाकीट खलिफांच्या पुढ्यात ठेवून एका दमात सगळं सांगून टाकलं. खांदा सांगितला. श्वास सांगितला. दालचासुद्धा सांगितला.

खलिफांनी मला सदरा काढायला लावला. सुतळीला कात्री बांधून ओळंब्यासारखी माझ्या मानेपासून खाली सोडली. एकदा उजवीकडून बघितलं, एकदा डावीकडून. मग खाली बसले आणि दोन्ही हात डोक्याला लावले.

भाभींना मात्र हसू आवरेना. "या अल्ला! म्हंजी समदे विमानवाले इतकी सालं ह्याच्यावानी तिरपे हिंडले!"

"हसू नका," खलिफा म्हणाले. मग कपाटावरची पत्रं बघून स्वतःच खुदकन हसले. आणि पुढच्याच क्षणी उठून उभे राहिले. "कातडी किती हायत?"

"एका जाकिटापुरती. बरी आहेत."

"बरी म्हंजी?"

"मी आणलीत."

"मग चांगली असत्याल. त्यात तू खोटं बोलत न्हाईस."

जुनं जाकीट उसवून दुरुस्त करता येत नाही. कापडाचा टाका उसवला तर भोक बुजतं; कातड्याला सुई लागली की भोक जन्माचं. म्हणजे नवंच बेतायचं. त्याला हवा नवा खाका. आणि खाक्याला हवं नवं अंग, सरळ, अडतीस छातीचं, आणि तेही आत्ता. उद्या दुपारी साहेब दारात!

मशिनवरच्या सहा जणांना टेप लावून झाली. एक बेचाळीस, दोन चौतीस, बाकी सगळे मशिनवर वाकून कुबडे. तालमीतल्या पैलवानाचं नाव निघालं. त्याच्या मानेवरच कॉलर बसली नसती. तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. आत्ता ज्या मोटारीतून मी आलो, तिचा ड्रायव्हर! दिवसभर बसलेला, दोन्ही हात पुढं, चक्र धरलेलं! वैमानिक तरी दुसरं काय करतो?

मी धूम ठोकली. स्टँडवर गाडी शिरूरला परत निघायच्या तयारीत होती. माणसं भरलेली, ड्रायव्हरमामा एक पाय पायरीवर ठेवून विडी ओढत होते. पन्नाशीचे, काटक, पाठ सरळ.

"मामा, पाच मिनिटं चला. एका माणसाची अब्रू वाचवायचीय."

"कुनाची?"

"माझी."

"मग ऱ्हाऊ द्या."

"मामा, सहा घरांची चूल आहे. खरंच. रस्त्यात सांगतो."

मामांनी कंडक्टरकडं बघितलं. कंडक्टरनं घड्याळाकडं बघितलं. "धा मिनिटं हायत," तो म्हणाला.

दहाची वीस झाली. मामा खोक्यावर बसले, हात पुढं, आपोआप चक्र धरल्यासारखे. खलिफांनी छातीला टेप लावली. अडतीस! मामा श्वास घेत होते, सोडत होते, तरी अडतीस! खलिफांच्या तोंडावर असं तेज मी कधी पाहिलं नव्हतं. ते कागद लावू लागले आणि एवढ्यात शेडच्या दारात गलका झाला. अख्खी मोटार उतरून आली होती. पुढं न्हावरे गावचे एक आप्पा, हातात झेंडूच्या रोपांची पाटी.

"ओ ड्रायव्हर! माझी रोपं सुकत्यात इथं, आन् तुम्ही अंगाला कागद लावून बसलाय व्हय?"

"आप्पा, हलवू नका मला," मामा दात न उघडता म्हणाले. "वैमानिकाचं माप चाललंय."

"तुम्ही वैमानिक कवा झालाव?"

"आत्ताच."

भाभींनी रोपांवर पाणी मारलं. मी सगळ्यांना थोडक्यात गोष्ट सांगितली, माझ्या खांद्यासकट. मग काय विचारता! आप्पा आधी माझ्यामागं जाऊन उभे राहिले, मग मामांच्या मागं. "ह्यो सरळ हाय. त्यो गेलेला हाय," असा निकाल त्यांनी दिला. एक बाई म्हणाली, "कागद जरा डावीकडनं सरकलाय बघा." खलिफांनी बघितलं. खरंच सरकला होता! बाईला त्यांनी हात जोडले. कागद निघाला, मामा उठले, आणि सगळी मोटार पळत स्टँडवर गेली.

मग खलिफांनी कात्री घेतली. कातड्याचा कणा पाठीला, पोटाचं ताणणारं कातडं काखेत. एकेक तुकडा ते असा कापत होते, जणू कातडं जिवंत आहे. टाचणी चालत नाही म्हणून खळ लावून तुकडे चिकटवले. सहाही मशिनं एका जाकिटावर! एक बाही इकडं, एक तिकडं, कॉलर भाभींकडं. दिवे लागायच्या वेळेला खलिफांनी काम थांबवलं. दिव्याच्या उजेडात कातड्याचे दोन रंग एक दिसतात, म्हणून. शुक्रवारी पहाट फुटल्याबरोबर पुन्हा मशिनं. शेवटची चेन बसली तेव्हा दुपारच्या गाडीची शिटी ऐकू येत होती.

तपासनीस चष्म्याचे, बारीक, पुणेरी बोलण्याचे. वैमानिक त्यांच्यामागून आला. आम्ही सगळे ओळीनं उभे होतो. अहो, साधा तरुण मुलगा! मिशीसुद्धा धड नव्हती. बहुधा उत्तरेकडचा, हिंदी बोलत होता. शेडमध्ये आला आणि वासानंच खूश झाला. "वाह!"

तपासनीसांनी वही उघडली. "तुमची जाकिटं उजवीकडे पडतात, असा शेरा आहे. माहीत आहे ना?"

"व्हय साहेब," खलिफा म्हणाले. "दाखव रे."

मी धावलो. आता मी इतका हुरळून गेलो होतो, की माझे हात माझे राहिले नव्हते. खुंटीवरून जाकीट काढलं, झटकलं, वैमानिकाला मागून चढवलं, स्वतः चेन लावली, आणि बाजूला होऊन बघितलं.

उजवा खांदा ओल्या धोतरासारखा.

खुंट्या दोन होत्या. जाकिटं दोन होती. मी जुनं दिलं होतं.

तपासनीस मागं गेले, खिशातून पट्टी काढली. "हेच ते. दोन बोटं." आणि वहीत लिहायला पेन्सिल टेकवली.

मला वाटलं जमिनीनं गिळावं. खलिफा पुढं झाले. आता हे खोटं बोलतील, चुकून घातलं म्हणतील, असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "साहेब, लिहायच्या आधी एक बघा. हे जाकीट चुकलेलं न्हाई. ज्या अंगाचं हाय, त्याला घाला."

त्यांनी जाकीट काढून मला घातलं. मी उभा राहिलो. काय सांगू, एक सुरकुती नाही! तपासनीस माझ्याभोवती फिरले. मागून बघितलं, पुढून बघितलं, पोटावर बोट टेकवलं. मग त्यांनी चष्मा काढला, आणि तो सरकारी माणूस असा हसायला लागला की त्याला खोक्यावर बसावं लागलं.

"म्हणजे इतकी वर्षं... हे?"

"हे," खलिफा म्हणाले. "माझीच चूक. अंग बदलतं, हे मी इसरलो. काल कळलं. हे दुसरं काल-आजमध्ये बेतलंय. घालून बघा. न्हाई आवडलं, तर आम्ही हसत शेड बंद करतो."

वैमानिकानं नवं घातलं. मला कळलं नाही, पण मी श्वास आत ओढून उभा होतो. भाभी हळूच म्हणाल्या, "आता सोड की! तुझं माप न्हाई चाललेलं."

वैमानिक उभा असताना जाकीट बरं दिसत होतं, पण खास नाही. तपासनीसांच्या कपाळाला आठी पडली. तेव्हा खलिफांनी पायानं खोकं पुढं सरकवलं. "बेटा, बैठो. हाथ आगे."

तो बसला. हात पुढं केले. आणि काय सांगावं! पाठ खाली आली, कोपर सैल झालं, कॉलर मानेला लागली. त्यानं मान डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली, डोक्यावर हात नेला, खाली वाकला. पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं.

"उस्ताद," तो म्हणाला, "खड़े रहकर तो सब बना लेते हैं. यह बैठनेवाले का किसने सोचा?"

खलिफांनी त्याची नीट बसलेली कॉलर उगाच पुन्हा नीट केली.

तपासनीसांनी पट्टी लावली. डावा, उजवा. पुन्हा डावा, उजवा. वहीत लिहिलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "पसंत. वर्षभराचं काम मिळेल. पण तुमच्याशी खोटं बोलत नाही, यानंतर चामडं नाही. सगळं नायलॉन होणार आहे."

"एक साल पक्कं?"

"पक्कं."

"मग बस हाय!" खलिफा म्हणाले, आणि मागं वळून ओरडले, "काय बघताय रे? मशिनं काय मी चालवू?"

सहाही मशिनं एकदम सुरू झाली. त्यावर कापड नव्हतं, कातडं नव्हतं, दोरासुद्धा नव्हता. नुसतीच चालवत होते, गाढवं!

ते वर्ष आम्ही असं काम केलं की बस. दुपारपर्यंत जाकिटं, दुपारनंतर शाळा. खलिफा मोटारीच्या सीटा उसवून आणायचे आणि पुन्हा शिवायला लावायचे. टांग्यांचे हूड, शाळेची दप्तरं, रेल्वेच्या लोकांचे डबे ठेवायच्या पिशव्या. दोघांचे हात सीटांवर बसले, एकाचे दप्तरांवर. एकानं तर यवतला स्वतःचं दुकान टाकलं, वर्ष संपायच्या आत. उरलेल्या दोघांना खलिफा शिव्या देत होते, म्हणजे ते शिकत होते. मला अंगाच्या पदावरून काढलं होतं; कातडी आणायची, ती आता आठवड्याला खांदा बदलून.

शेवटची जाकिटं खोक्यात भरून आम्ही स्टेशनच्या पार्सल ऑफिसात नेली तेव्हा गाडी लागलेली होती. पार्सलबाबू घाई करत होता. खोकं ठोकून बंद केलेलं, शिक्का मारलेला, आणि खलिफा म्हणाले, "थांबा."

"आता काय?" बाबू ओरडला.

"वरच्या जाकिटाची कॉलर बघायचीय."

"अहो खलिफा, गाडी सुटतीय!"

खलिफांनी ऐकलं नाही. पटाशीनं फळी उचलली, आत हात घातला, लोकरीवरून एकदा बोटं फिरवली, कानाजवळ नेऊन चेन वर-खाली केली, आणि फळी खाली दाबली. "ठोक रे!"

मी हातोडा घेतला. शिटी झाली. गार्डनं झेंडी दाखवली. दोन हमालांनी खोकं उचललं आणि पळायला लागले. मी त्यांच्या बरोबर पळत ठोकत होतो, खलिफा माझ्या बरोबर पळत सांगत होते, "सरळ मार, सरळ मार!" एक खिळा गेला. दुसरा गेला. तिसरा मारला तेव्हा खोकं गार्डच्या सामानाच्या डब्यात चढलं होतं आणि माझ्या तोंडून जी आरोळी निघाली, तिनं फलाटावरचे लोक वळून बघायला लागले. खिळा बाजूलाच राहिला होता. मी अंगठा ठोकला होता.

"लागला का?" खलिफा धापा टाकत म्हणाले.

"अंगठ्याला लागला."

"अंगठ्याचं न्हाई इचारत. खिळा बसला का?"

"बसला," मी म्हणालो. ही थाप होती.